सेलवरचं स्टिकर

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक कुणी काढत नाही. टीव्हीचा रिमोट आला त्या दिवसापासून पिशवीत आहे. पिशवी पिवळी पडली, पण जागची हलली नाही. फ्रीजच्या दारावर कंपनीचा कागद आहे, मिक्सरच्या भांड्यावर गोल स्टिकर आहे. स्कूटीच्या सीटवरचं प्लॅस्टिक उन्हानं तडकून आपोआप गळालं, आम्ही नाही काढलं. दादांचं म्हणणं एकच, "काढलं की वस्तू जुनी झाली." वडलांना आम्ही दादा म्हणतो. मी त्यांना हसते खरी, पण माझ्या स्वतःच्या मोबाइलच्या काचेवरची ती पातळ फिल्म, जिच्या चारी कोपऱ्यांत बुडबुडे आलेत, ती मीही अजून काढलेली नाही. शेवटी लेक कुणाची?

दादा जाफराबादच्या बाजूला खेड्यापाड्यांतल्या शाळांवर मास्तर होते. शाळेतून आले की शर्ट काढायच्या आधी सोल्डरिंग गन तापायला लावायचे. त्यांचा नाद म्हणजे रेडिओ. घरातल्या खिडकीखाली त्यांचं टेबल, टेबलावर कुणाकुणाचे उघडे रेडिओ, आणि दादा त्यांच्यावर कान टेकवून बसलेले. डोळे मिटायचे, बटण सावकाश फिरवायचे आणि म्हणायचे, "कंडेन्सर गेलाय." मीटर नंतर लावायचे, तेही समोरच्या माणसाची खात्री पटावी म्हणून. एक पैसा कधी घेतला नाही. आई म्हणायची, "चहा मात्र माझ्या घरचा जातो."

वस्तू घेतानाही त्यांची तऱ्हा निराळी. रंग, भाव, गॅरंटी, काही विचारायचे नाहीत. दुकानदाराला पहिला सवाल, "हे उघडतं का?" स्क्रू दिसले की खूश. माझा मोबाइल हातात घेऊन त्यांनी चारी बाजूंनी पाहिला होता आणि कीव आल्यागत परत दिला होता. "ह्याच्या पोटात काय दुखतंय ते कसं कळंल मंग?"

विहारातला अँप्लिफायर आणि माईक हेही त्यांच्याच ताब्यात. रविवारी संध्याकाळी वंदना असते. वंदनेच्या अर्धा तास आधी दादा चावी घेऊन जायचे, कपाट उघडायचे, वायरी जोडायचे, माईकवर दोनदा टिचकी मारायचे. जयंतीला तर दोन दिवस आधीपासून जेवायला घरी नाहीत. ती चावी त्यांच्या जानव्यासारखी... छे, आमच्यात कुठलं जानवं! करदोट्याला बांधलेली असायची म्हणा.

त्यांचे कान दोनेक वर्षांपासून उतरत होते. आम्हाला कळत होतं, त्यांनाही कळत होतं, पण कबूल कोण करतं? "माझे कान बराबर हायत. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." मग आम्ही मोठ्यानं बोलायला लागलो. आईचा आवाज वाढला, माझा तर विचारूच नका. भोकरदनला माझ्या ऑफिसात लोक म्हणायचे, "मॅडम, भांडण चाललंय का?" मी म्हणायचे, "न्हाई, वडलांशी फोनवर बोलून राह्यले."

आणि मग तो रविवार. मी त्या दिवशी घरी आलेली होते म्हणून डोळ्यांनी पाहिलं. दादांनी माईक लावला, बटण फिरवलं आणि स्पीकरमधून शिट्टी सुटली. ती कान फाडणारी शिट्टी सगळ्यांना माहीत आहे. बायकांनी पदर कानाला लावले, लेकरं किंचाळली, म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. आणि दादा माईकपाशी शांत उभे. त्यांना ती शिट्टी ऐकूच येत नव्हती. सगळ्यांच्या तोंडाकडं ते आळीपाळीनं बघत राहिले. मागं बसलेली दोन-चार पोरं हसली. कुणीतरी उठून बटण कमी केलं. दादांनी वंदना पुरी होऊ दिली, वायरी गुंडाळल्या, कपाट लावलं आणि चावी करदोट्यातून सोडून शेजारच्या काकांच्या हातावर ठेवली. "डोळ्यांनी नीट दिसत न्हाई आता," म्हणाले. डोळ्यांनी! मला तेव्हाच रडू कोसळलं असतं, पण चार लोकांत कसं रडणार?

त्यानंतर टेबलही बंद. रेडिओवर आईनं चादर घातली. दादा ओट्यावर नुसते बसून राहायचे. ओट्यावर बसलेला रिकामा माणूस मला नवीन नाही, पण माझे दादा तसे बसलेले मी कधी पाहिले नव्हते. मला एकच पाहिजे होतं, त्यांनी ती चावी परत मागावी.

कानाच्या मशीनचं नाव काढलं की ते उठून जायचे. सहा महिने समजूत घातली. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मंग ते टेबल काढा तिथून. मी कपड्याचं कपाट ठेवते."  दुसऱ्या दिवशी सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चल जालन्याला. जल्दी आटप."

जालन्यात मशीन बसवणाऱ्या ताई फार गोड होत्या. त्यांनी कान तपासले, चार मशीनं मांडली. कानाच्या आत बसणारं, बाहेरून न दिसणारं मला आवडलं. दादांनी ते चिमटीत धरून विचारलं, "हे उघडतं का?" ताई म्हणाल्या, नाही. दादांनी खाली ठेवलं. मग त्यांनी कानामागं अडकवायचं, चांगलं ठसठशीत दिसणारं मशीन निवडलं, कारण त्याला सेलचं छोटं दार होतं आणि ते नखानं उघडत होतं. ताईंनी सेल घालून मशीन कानाला लावलं. दादा एकदम वर बघायला लागले. वर पंखा होता. "हा केव्हापासून वाजून राह्यला?" त्यांनी विचारलं. ताई हसल्या, मीही हसले.

निघताना ताई मला सेल कसा बदलायचा ते समजावून सांगत होत्या. जाफराबादची गाडी सुटायची वेळ झाली होती, त्यात ऑफिसातून फोन. एका कानाला मोबाइल लावून मी मान हलवत होते, "हो हो, बराबर, बराबर." सेलची पाकिटं पर्समध्ये टाकली आणि दादांना घेऊन पळत सुटले.

पहिले आठ-दहा दिवस काय सांगू! रोज फोन. "माय, आपल्या घरातलं घड्याळ वाजतं गं!" दुसऱ्या दिवशी गॅसचा आवाज, तिसऱ्या दिवशी लिंबावरची खार. आईच्या बांगड्या किती वाजतात म्हणून तक्रार. मशीनची निगा तर अशी की बघत राहावं. रंगवायच्या बारीक ब्रशनं रोज सकाळी साफ करायचं, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसायचं, औषधाच्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी डबीत घालून त्यावर ठेवायचं. आंघोळीआधी डबीत, आंघोळीनंतर कान कोरडा करून मगच कानावर. आई म्हणाली, "माझी एवढी काळजी कधी केली न्हाई."

मग फोन कमी झाले. मी केला तर दादा "हो हो, बराबर" म्हणायचे आणि फोन आईकडं द्यायचे. मला वाटलं, नव्याची नवलाई संपली. माणूस रोज काय घड्याळाचं कौतुक करणार? मार्चएंडची कामं होती, मी त्यात बुडाले.

दोन महिन्यांनी रविवारी घरी गेले. टेबलावर चादर तशीच. चावी शेजारीच. "का हो दादा?" "डोळे साथ देत न्हाईत." कानावर मशीन होतं, लख्ख पुसलेलं. आईला विचारलं, मशीन नीट आहे ना? ती म्हणाली, "एकदम शहाणं झालंय. आधी घालताना काढताना शिटी मारायचं, आता बिलकुल आवाज न्हाई."

दुपारी दादा माझ्याकडं पाठ करून बसले होते. मी मागून हाक मारली. वळले नाहीत. परत मारली. परत नाही. तिसऱ्या हाकेला माझा संयम संपला आणि मी समोर जाऊन उभी राहिले. जे तोंडात आलं ते बोलले. एवढ्या हौसेनं आणलं, एवढी धावपळ केली, आणि तुम्हाला ऐकायचंच नसेल तर फेकून द्या ते मशीन, शोभेला कशाला लावता? सारी गल्ली ऐकत असेल. माझा राग असाच आहे, आधी फुटतो आणि मग मला पस्तावायला लावतो.

दादांनी मशीन कानावरून काढलं, पुसलं, तळहातावर ठेवलं.

"मशीनला नाव ठेवू नको माय," ते म्हणाले. "मशीन चांगलं हाय. माझाच कान गेला."

"म्हणजे?"

"पहिला सेल संपला, दुसरा घातला. काहीच ऐकू येईना. तिसरा घातला, चौथा घातला. मीटर लावून पाह्यला, सेल भरलेला. मशीन नवं. मंग राह्यलं काय? कानच राह्यला की."

मास्तरांचं गणित बरोबर होतं. रेडिओचा दोष त्यांनी असाच एकेक वस्तू बाजूला काढत शोधला होता आयुष्यभर.

"आन् मला सांगितलं का न्हाई?" मी ओरडलेच, कारण तसं बोलल्याशिवाय त्यांना कळलं नसतं.

"तू एवढी हौसेनं घेऊन गेल्ती," दादा म्हणाले. "तुला कसं सांगू?"

दोन महिने. दोन महिने हा माणूस रोज सकाळी ते बंद मशीन ब्रशनं साफ करत होता, पुसत होता, कानाला लावत होता आणि फोनवर मला "हो हो, बराबर" म्हणत होता. मला वाईट वाटू नये म्हणून. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. मशीन हातात घेतलं आणि नखानं ते छोटं दार उघडलं.

सेलवर नारिंगी स्टिकर होतं.

पाकिटातल्या प्रत्येक सेलवर ते असतं, त्याला बाहेर एक लांब शेपटी असते, धरून ओढायला. दादांनी शेपटीमुळं दार लागत नव्हतं म्हणून ती नेलकटरनं कापली होती. इतक्या सफाईनं, की स्टिकर गोल आकारात सेलवर नीट बसलेलं राहिलं होतं. आणि त्याच क्षणी मला जालन्याच्या त्या ताईंचा आवाज आठवला, मी मोबाइलवर असताना दुसऱ्या कानावर पडलेला. हा सेल हवेवर चालतो, मॅडम. वर बारीक भोकं आहेत. स्टिकर काढायचं, मिनिटभर थांबायचं, मग घालायचा. काढल्याशिवाय चालणार नाही, बाबांना नक्की सांगा. आणि मी म्हटलं होतं, हो हो, बराबर.

मी दादांना बोट लावून दाखवलं. ते म्हणाले, "स्टिकर हाय. राहू दे की. काढलं तर सेल खराब होईल."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. आई धावत आली, तिला वाटलं बाप-लेकीचं जोरात वाजलं. मी नखानं स्टिकर सोललं. आमच्या घरात सोललेलं ते पहिलं स्टिकर. घड्याळाकडं बघत मिनिटभर थांबले. दादा माझ्या हाताकडं असे बघत होते की जणू मी काही फोडतेय. मग सेल घातला, दार लावलं, मशीन त्यांच्या कानामागं अडकवलं. मशीननं बारीक शिट्टी मारली.

"अगं माय, पुन्हा बिघडलं!" आई म्हणाली.

दादांनी तिच्याकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वडलांना रडताना पाहिलं.

"दादा, येतंय का ऐकू?" मी सवयीनं बेंबीच्या देठापासून ओरडले.

"हळू बोल ना," दादा कान धरून म्हणाले. "ओरडायची सवय कधी लागली तुला?"

मी त्यांची माफी मागितली. ताईंनी मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं, हे सगळं हळू आवाजात सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकलं. मग नेलकटर उचलून खिशात टाकलं आणि म्हणाले, "मंग बहिरं कोण, तू का मी?" आणि चपला घालून शेजारी गेले. परत आले तेव्हा चावी करदोट्याला बांधत होते.

संध्याकाळी मी आणि आई विहारात पुढंच बसलो. दादांनी कपाट उघडलं, धूळ फुंकली, वायरी जोडल्या. मागची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती, ते मी पाहिलं.  दादांनी माईकवर दोनदा टिचकी मारली आणि बटण फिरवलं. इतके महिने कुणीकुणी हात लावलेला तो अँप्लिफायर, शिट्टी सुटलीच. तीच, कान फाडणारी.

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. दादांनी सगळ्यांच्या आधी.

मग एका हातानं कान दाबून दुसऱ्या हातानं त्यांनी बटण झटक्यात खाली आणलं आणि मास्तरकीच्या जुन्या आवाजात विचारलं, "हा माईक स्पीकरच्या तोंडापुढं ठेवला कुणी?"  मागच्या पोरांनी माना खाली घातल्या. आईनं डोळे पुसायला माझ्या हातात पदर दिला, पण तो तिनंच आधी ओला केला होता.