उत्तरेकडचं कासव

प्रभाकरराव कोणाच्याही घरी गेले, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी शर्टाच्या खिशातून होकायंत्र काढायचे. आम्ही कर्वेनगरच्या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधून ते असेच आले. आमची खोकीसुद्धा अजून उघडली नव्हती. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी तळहातावरची सुई स्थिर होऊ दिली, गॅसच्या शेगडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, आपण इथे सुखाने राहाल असं काही मला वाटत नाही." मग चहा प्यायले, साखर कमी आहे म्हणून सांगितलं आणि गेले. त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या चहाच्या वेळीच तयार झालं. ते बदलावं असं पुढे त्यांनी फारसं काही केलं नाही.

सरकारी खात्यात इंजिनिअर म्हणून त्यांनी उभी हयात जमिनी मोजण्यात घालवली होती. त्यामुळे पृथ्वीवर दिशा कळणारा माणूस एकच, अशी त्यांची समजूत होती. दुधाच्या पिशवीचा विषय असो की मुलीच्या नोकरीचा, कोणी दुसरं मत मांडलं की ते म्हणायचे, "मला दिशा शिकवू नका." त्यांची बायको, शालूताई, नेहमी अर्धंच वाक्य बोलायच्या. उरलेलं अर्धं प्रभाकरराव पूर्ण करायचे, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असायचं.

निवृत्त झाल्यावर त्यांना कोणीतरी सुचवलं, की घरात उत्तरेला पाण्याच्या ताटलीत धातूचं कासव ठेवा. प्रभाकररावांना ते हलक्यातलं वाटलं. "धातूचं कासव म्हणजे जेवणाच्या ताटाचा फोटो. ठेवायचं तर जिवंत," असं म्हणून त्यांनी खरंच जिवंत कासव आणलं. परदेशी जातीचं, रीतसर नोंदणी केलेलं. नियम मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. विचार करणंही नव्हतं.

ते कासव कोरड्या, तापलेल्या प्रदेशातलं. गवत खावं आणि उन्हात पडून राहावं, एवढंच त्याचं मागणं. प्रभाकररावांनी त्याला माशांच्या काचेच्या टाकीत घातलं आणि टाकी हॉलच्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवली. तिथे भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय पेपर वाचता येत नसे. टाकीत पाणी भरलं, कारण दुकानातली धातूची कासवं पाण्यात बसलेली असतात. तोंड घराच्या आत पाहिजे, म्हणजे लक्ष्मी आत येते. कासवाला हे शास्त्र ठाऊक नसल्यामुळे ते भिंतीकडे वळायचं. मग प्रभाकरराव उठायचे आणि त्याला उचलून पुन्हा आत तोंड करून ठेवायचे. पाहुण्यांशी चाललेलं बोलणं त्यासाठी ते थांबवतसुद्धा नसत. एकादशीला त्याच्यासमोर साबुदाण्याची खिचडी ठेवत. मी एकदा न राहवून बोलले, तर म्हणाले, "वहिनी, हा कूर्मावतार आहे. याला एकादशी मोडायला लावू?"

त्या हिवाळ्यात एका सकाळी शालूताई आमच्या दारात उभ्या होत्या. पदरात कासव होतं. त्याचे डोळे सुजून मिटले होते, पोटाकडची कातडी पाण्याने कुजत आली होती, आणि पाठीच्या कवचाची कड अंगठ्याने दाबली तर शिळ्या भाकरीच्या कडेसारखी कडक लागायची सोडून आत जात होती. "अहो, हे मरतंय हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

प्रभाकररावांना सोबत घेऊन आम्ही बिबवेवाडीतल्या एका जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती आणि तिने सगळं सरळ सांगितलं. आधी पाण्यातून बाहेर काढा. कोरड्या मातीत, उबेत ठेवा. रोज उघडं ऊन द्या, काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. ऊन नसेल तर त्यासाठी खास दिवा मिळतो, तो लावा. खायला गवत, जास्वंदीची पानं, वर कॅल्शियमची पूड. "हे केलं नाहीत, तर हा हिवाळा काही ते काढणार नाही," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर प्रभाकरराव डॉक्टरची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते. मला वाटलं, पटलं असेल. घराजवळ आल्यावर म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण दवाखान्याचं दार दक्षिणेला, त्याला ती तरी काय करणार?"

"निदान तो दिवा तरी लावा," मी म्हटलं.

"उत्तर जलाची. तिथे अग्नी चालत नाही. मला दिशा शिकवू नका."

शालूताईंनी फार विनवल्यावर टाकीतलं पाणी तेवढं काढलं. टाकी जागची हलली नाही.

गंमत अशी, की त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, तुमची हाडं ठिसूळ होताहेत, ऊन घ्या. हा सल्ला त्यांना एका झटक्यात पटला. अर्ध्या बाहीचा शर्ट घालून ते रोज टेकडीवर ऊन खायला जाऊ लागले, ते जेवायलाच परत. जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, "आणि त्याच्या हाडांचं काय?"

"वहिनी, मी कासव नाही."

"ते दिसतंच आहे. कासव गप्प बसतं," मी म्हटलं. मला त्या माणसाचा मनापासून तिटकारा आला होता.

ते टेकडीवर गेले की शालूताई कासव घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. आमच्या गॅलरीत हिवाळाभर ऊन असतं. आंब्याच्या जुन्या पेटीत आम्ही माती घातली, शालूताई गवत आणि जास्वंदीची पानं आणायच्या. जेवणाच्या आधी कासव पुन्हा उत्तरेला, घराकडे तोंड करून. हळूहळू त्याचे डोळे उघडले, ते खाऊ लागलं. प्रभाकरराव कट्ट्यावर सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, उत्तरेचा गुण. डॉक्टर काय, काहीही सांगतात." शालूताई ऐकून घ्यायच्या. माझ्याच्याने ऐकवत नसे.

एके दिवशी गुडघा दुखला म्हणून ते लवकर परतले. टाकी रिकामी, आमचं दार उघडं. थेट गॅलरीत येऊन उभे राहिले. शालूताईंच्या हातात पानं होती, चेहरा पांढराफटक. कासव रस्त्याकडे तोंड करून, अंगभर ऊन घेत, पान चावत होतं.

प्रभाकरराव कष्टाने वाकले आणि अंगठ्याने कवचाची कड दाबून पाहिली. कड दबली नाही. मग त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं. मी त्यांच्या शेजारीच होते, मला सुई स्वच्छ दिसत होती. तिचं उत्तर दाखवणारं लाल टोक आमच्या पाठीमागे, त्यांच्याच घराकडे होतं. त्यांनी तळहात जरा हलवला, थांबले आणि होकायंत्र खिशात टाकलं.

"उत्तरच आहे ही," ते म्हणाले. "राहू द्या इथे."

"उत्तर?"

"मला दिशा शिकवू नका, वहिनी."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते मी गिळलं, कासवासाठी. त्यांच्यासाठी नाही. शालूताईंनी मान वर न करता आणखी एक पान पेटीत सरकवलं. जाताना ते दारातून म्हणाले, "पेटीची कड उंच करा. उजव्या कोपऱ्यातून चढतं ते."

चुकलो, असं ते बायकोला कधी म्हणाले नाहीत. कट्ट्यावर त्यांनी जाहीर केलं, की नीट मोजलं तर आमच्या इमारतीला दोन उत्तरा निघतात. एवढं धडधडीत खोटं बोलायला जमलं, पण बरोबर ते साध्या शब्दांत सांगायला जमलं नाही. याचा मला आजही राग आहे.

गेल्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. शालूताई वाघोलीला मुलीकडे राहायला गेल्या. तिथल्या फ्लॅटला ऊन नाही, म्हणून कासव त्यांनी माझ्याकडेच ठेवलं. फोन केला की आता त्या पूर्ण वाक्यांत बोलतात आणि आधी त्याचीच चौकशी करतात.

कासव चांगलं वाढलंय. गॅलरीभर हिंडतं, हवं तिकडे तोंड करून बसतं. पण दिवसातून एकदा तरी, रस्त्याकडे वळलं की मध्येच थांबतं आणि मान वर काढून वाट पाहतं. कोणीतरी उचलून फिरवेल, अशी त्याला सवय आहे. मी फिरवत नाही. थोड्या वेळाने ते आपलं पुढे चालू लागतं. प्रभाकररावांची आठवण मला नेमकी तेव्हा येते. चांगली येते असं नाही, पण रोज येते.