कचऱ्याच्या गाडीवरचा वामन

पांढुर्ण्याचा वामन भुरटा चोर होता, पण पोलिसाची शिट्टी ऐकली की हातातला माल टाकून पळत सुटे. असल्या माणसाने चोरी करूच नये! त्या सकाळी त्याने चहाच्या टपरीपुढे चालू ठेवलेली कचऱ्याची गाडी पळवली. गाडी हलताच टपावरचा भोंगा गायला लागला. तो बंद करायचं बटन काही सापडेना. ज्या गल्लीत घुसावं तिथे बाया बादल्या घेऊन आडव्या येत, अन् वामन घाम पुसत मुकाट कचरा घेई. लपायला तो स्वतःच्या गल्लीत वळला, तर समोर बायकोच, शोभा. तिचे डोळे भरून आले.

"अवो, नोकरी लागली अन् मले सांगितलंबी नाही?"

मागून शिट्टी जवळ येत होती, आणि शोभा शेजारणींना हाका मारून त्याला पाहायला बोलावत होती.