वगळलेलं फोल्डर

"कोडवर पण संस्कार दिसतात. घरातून यावे लागतात ते."

आमचे प्रोजेक्ट लीड, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते असं बोलले आणि माझ्या चुकांची यादी भिंतीवर चिकटवली. पावणेदोन पानं. वर माझं नाव, लाल पेनाने. ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब. कंस चुकीच्या जागी. स्पेसऐवजी टॅब. मग टाळ्या. सोमवारची रीतच होती. टूल कोड तपासायचं, सर याद्या छापायचे, आणि ज्याची यादी सगळ्यांत लांब त्याच्यासाठी बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

आदल्या सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या जीतूसाठी मीही वाजवल्या होत्या. लिहायला लाज वाटते. तरी लिहिते.

उल्हासनगरात जीन्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. सहा जणं. कारखान्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवायचो. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत, केमिकल कारखान्यात कामगार. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. नोकरी अजून कच्ची. पक्की करणं सरांच्या हातात. म्हणून मुकाट्याने यादी काढून आणली आणि एकेक ओळ नीट करायला बसले. टूल खोटं बोलत नव्हतं. कोड माझा अस्ताव्यस्तच होता.

नवव्या ओळीवर हात थांबला. ती माझी नव्हतीच. सरांच्या फाइलमधून जशीच्या तशी उचललेली. तेच म्हणाले होते, "मेरावाला कॉपी कर, दिमाग मत लगा." माझ्या फाइलमध्ये तीच ओळ गुन्हा. त्यांच्या फाइलमध्ये टूल गप्प.

टूलची सेटिंग उघडली. त्यात लिहिलेलं, हे फोल्डर तपासू नये. फोल्डर सरांचं.

बाबा सांगायचे, सुट्टी झाली की गेटवर झडती फक्त कामगारांची. साहेबांची गाडी सरळ बाहेर. मला वाटायचं, कॉम्प्युटरच्या नोकरीत असं गेट नसतं.

सेटिंगमधली ती ओळ खोडली. टूल चालवलं, यादी छापायला दिली. प्रिंटर थांबेना.

जीतू उठून आला. "बाप रे, किसका है इतना?"

"सर का."

तो हसला नाही. सर मागेच उभे होते.

"कुणी सांगितलं तुला हे उद्योग करायला?"

"कुणी नाही. तुमची ओळ माझ्या यादीत आली, म्हणून बघितलं."

"माझं वेगळं असतं. मला कळतं मी काय करतो ते. परत घाल ती ओळ. पुढच्या आठवड्यात कन्फर्मेशन आहे ना तुझं?"

मी खुर्चीवरून उठले.

"मी नाही घालणार, सर. तुम्ही घाला. तुमच्या लॉगिनने. कुणी घातली ते नोंदलं तरी जाईल."

त्यांनी घातली. मी पक्की झाले नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "गप बसायचं होतंस, पोरी." त्यांनी आयुष्यभर तेच केलं, आमच्यासाठी. त्यांच्यावर माझा राग नाही.

आता दुसऱ्या कंपनीत माझ्या हाताखाली चार जणं आहेत. विचारतात, मॅडम, टूल किती कडक लावायचं? मी म्हणते, हवं तेवढं कडक. एक स्पेस सोडू नका. चूक ज्याची, त्याच्याच स्क्रीनवर दाखवा. आणि सूट कुणालाही नाही. सगळ्यांत आधी माझ्या कोडवर चालवा. उद्या कुणी मालक म्हणाला, एवढं एक फोल्डर सोड, तर राजीनामा मी तिथेच टाइप करेन.