गादीमागची फाट

"गादी तर साफ आहे सर. लिगामेंट बसवा आणि आवरा," भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या. एमआरआयही तेच सांगत होता.

गादी म्हणजे मेनिस्कस, गुडघ्याच्या दोन हाडांमधली रबरासारखी चकती. लिगामेंट तुटतं तेव्हा कधीकधी तिची मागची कड अस्तरापासून सुटते. समोरून पाहिलं तर पत्ता लागत नाही. दुर्बीण हाडांच्या फटीतून पार मागे न्यावी लागते. घरी डोळ्यांसमोरचा चष्मा मला सापडत नाही, पण इथे मी मागे जाऊन बघतोच.

सुईने कड जरा ढकलली. ती उघडली.

पेशंट जागा होता, भूल फक्त कमरेखाली. दिनेश, हिंगणघाटकडचा कंत्राटी लाइनमन. खांबावरून उतरताना गुडघा मुरगळला होता. कंत्राटदाराने त्याच्यासाठी मीटर रीडिंगचं काम दीड महिना राखून ठेवलं होतं. त्यापुढे तो थांबणार नव्हता.

"काऊन थांबले सायब?"

मी स्क्रीनवर फाट दाखवली. "ही शिवली तर दीड महिना पायावर भार नाही. दारोदार फिरायला तीन महिने."

"मंग नका शिवू. तुमाले दिसलीच नाई समजा."

"नव्या लिगामेंटवर ताण येईल. ते परत तुटू शकतं."

"खांबावर असताना?"

"कुठेही."

मॉनिटरवर त्याची नाडी पळत होती.

"शिवा," तो म्हणाला. "पण बायकोले तुमीच सांगजा."

टाके नीट बसले. सांगणं मला तितकं जमलं नाही. मी चित्र काढून गादी समजावत होतो. तिने मध्येच विचारलं, "म्हणजे काम गेलं ना?"

गेलंच. दुसरा माणूस लागला.

वर्षभराने दिनेश दाखवायला आला. माझ्यासमोर पूर्ण उकिडवा बसला आणि हात न टेकता उठला. मला टेबल धरावं लागतं.

"गुडघा मस्त झाला सायब," तो म्हणाला. "कापसाच्या जिनिंगच्या गेटवर वॉचमन हाये आता. दिवसभर खुर्चीवर बसून राह्यतो."

तेव्हापासून लिगामेंटच्या प्रत्येक पेशंटला मी आधीच सांगतो: एमआरआय साफ असला तरी कामावर तीन महिन्यांची रजा सांगून या. बरेच जण ऐकून घेतात आणि एकाच महिन्याची रजा सांगणाऱ्या डॉक्टरकडे जातात.