टाकली की भिरकावली?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरून कचऱ्याची पिशवी आली ती थेट सेक्रेटरींच्या खांद्यावर. आत नारळाच्या करवंट्या होत्या. संध्याकाळी तातडीची सभा भरली. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून मला पुढच्या खुर्चीचा मान मिळाला.

"काकूंनी पिशवी माझ्यावर भिरकावली," सेक्रेटरी म्हणाले.

"मी नुसती खाली टाकली," चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "मॅडम, ह्यांना फरक सांगा ना."

खांद्याला बाम चोळलेला माणूस समोर बसलेला असताना व्याकरण शिकवायचं भाग्य रोज लाभत नाही. मी म्हटलं, टाकायला हात सैल सोडला तरी पुरतं. भिरकावताना मात्र हात गरकन फिरवून जोर लावायचा आणि वस्तू कुठे पडेल याची फिकीर करायची नाही.

"म्हणजे भिरकावलीच!" सेक्रेटरी ओरडले.

काकू उठल्या. दाराशी काढलेली सेक्रेटरींची एक चप्पल त्यांनी उचलली आणि हात फिरवून खिडकीबाहेर फेकली. चप्पल पार्किंगच्या पत्र्यावर धाडकन आपटली.

"याला म्हणतात भिरकावणं! कळलं?"

वर्गात इतकं स्वच्छ उदाहरण मला कधी देता आलं नाही. सभेने एकमताने 'पिशवी पडली' असं ठरवलं आणि सेक्रेटरी एका चपलेवर घरी गेले.