अर्ध्यात अडकलेली नमो मरिये

संयम हा माझा विषय नाही. लिफ्टचं बटण मी पुन्हा पुन्हा दाबते, शिट्टी व्हायच्या आत कुकरशी भांडते. माझ्या घाटकोपरच्या माहेरी म्हणायचे, ही पोरगी एक दिवस फादरच्या आधी 'आमेन' म्हणून मोकळी होईल.

माझ्या सासूबाई मरोळ गावठाणातल्या, सावकाश आणि ठाम. आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे. मे महिन्यात तिथे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ होते. सांगणारा प्रत्येक 'नमो मरिये' प्रार्थनेचा पहिला भाग म्हणतो, उरलेला सगळे मिळून म्हणतात. शेवटच्या दिवशी रोझरी सांगायचा मान वर्षानुवर्षं सासूबाईंचा.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, पण बोलणं अडखळायला लागलं. शब्द डोक्यात असायचा, ओठांवर येईना. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला बजावलं, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. थांबायचं."

सांगितलं कुणाला, तर मला.

सुरुवातीला माझी पार वाट लागली. "मी..." म्हणाल्या की मी मीठ पुढे करायची, त्यांना हवी असायची मिरची. त्या रागाने ताट सरकवायच्या. भात गार व्हायचा, मला ऑफिसला उशीर व्हायचा. एका संध्याकाळी त्यांच्या शेजारी प्रार्थनेला बसले तर माझंच मन भरकटलं. थोडी प्रार्थना, मग भाजी, मग विजेचं बिल, पुन्हा प्रार्थना. इतकी वर्षं मी देवाशी अशीच तुटक तुटक बोलत आलेय, पण "कळलं, आटप आता" असं तो कधी म्हणाला नाही. ऐकून घेतो बिचारा. मग एका मिरचीसाठी थांबायला मला काय धाड भरली होती?

त्या दिवसापासून मी थांबू लागले. आतल्या आत चरफडत, पण थांबू लागले. आणि हळूहळू अख्खी मिरची बाहेर यायला लागली.

मे उजाडला तशी शेजारची आंटी म्हणाली, "शेवटच्या दिवशी यंदा तू सांग गं. त्यांना कशाला त्रास?"

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "मी... सांगणार."

सगळ्यांसमोर अडकल्या, तर ही बाई पुन्हा तोंड उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मेच्या शेवटच्या दिवशी क्रुसाला झेंडूच्या माळा होत्या, गल्लीभर खुर्च्या मांडल्या होत्या. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उभ्या राहिल्या. सुरुवात सुरेख झाली. मग एका नमो मरियेत, अगदी मध्यावर, शब्द अडकला. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. आंटीने मदतीला तोंड उघडलं. मी तिचा हात घट्ट धरला आणि मान हलवली. मागे एक रिक्षा खोळंबली होती, तिने हॉर्न दिला. मी वळून नुसतं बघितलं. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.

अख्खी गल्ली थांबली. मीसुद्धा, आणि पहिल्यांदाच अजिबात न चरफडता.

शब्द आला. वाकडातिकडा, पण पुरता आला, आणि त्यामागोमाग लोकांनी आपला भाग असा दणक्यात म्हटला की गॅलरीतली कबुतरं उडाली. त्यानंतर त्या दोनदा अडकल्या. दोन्ही वेळा सगळे थांबले. शेवटचं 'आमेन' त्यांनी स्वतः म्हटलं.

नंतर उकडलेले चणे वाटताना मी त्यांच्याजवळ गेले. "मम्मी, तुम्ही आज..." आणि माझाच शब्द अडकला. पुढे बोलता येईना. त्या चण्याचं ताट धरून माझ्याकडे बघत शांत उभ्या राहिल्या. काही सुचवलं नाही, घाई केली नाही.

"...जिंकलात," मी शेवटी म्हटलं.

त्यांनी 'नाही' अशी मान हलवली. "आ..."

मी वाट पाहिली.

"आपण," त्या म्हणाल्या.