जावेची गोडी विहीर

माझं माहेर चांदूर रेल्वेकडचं, तिथलं पाणी गोड. लग्न होऊन अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात आले आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. घर माळ्याचं. सासऱ्यांनी दोघा भावांची वाटणी केली, त्यात गावातली एकुलती गोडी विहीर थोरल्या जावेकडे गेली आणि खारी आमच्या वाट्याला आली. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही. म्हणून रोज घागर घेऊन मला जावेच्या दारात जावं लागे.

ती कधी नाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. "ने ना वो बाई, इहिरीले काय कमी हाये?" असं ती चार बायांत हसून म्हणे आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. रूपानं मी उजवी, हाताला चवही माझ्याच. पण माझ्या वरणाला कुणी नावाजलं, की बाया लगेच म्हणत, "पानी कोनाचं हाये मंग!" पाहुणे जेवत माझ्याकडे आणि पाणी प्यायला तिच्या ओट्यावर जात.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. नागपूरचा हुकूम म्हणून सरकारी माणूस विहिरींत लाल दवा टाकत फिरू लागला. पाण्याची गोडी जाईल या धास्तीनं जावेनं विहिरीवर बोरीच्या काट्या टाकल्या. "पडीक हाये, कोनी पेत नाई," म्हणून त्याला वाटेला लावलं. दवा पडली ती आमच्या विहिरीत. आधीच खारट, त्यात लालसर! बाया पदरात तोंड लपवून हसल्या. मी हट्टाला पेटले आणि घरात सगळ्यांना तेच पाणी प्यायला लावलं.

थोड्याच दिवसांत जावेची धाकटी पोर पटकीनं आजारी पडली. जाऊ रिकामी घागर घेऊन आमच्या विहिरीवर आली. "इहिरीले काय कमी हाये?" हे तिचंच वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी तिची घागर भरून दिली. ती पाणी आणत राहिली आणि मी पोरीच्या उशाशी बसून पळीपळीनं पाजत राहिले. पोर वाचली.

पुढे गोड्या विहिरीतही दवा पडली, साथ गेली, हळूहळू पाण्याची गोडी परत आली. माझी घागर पुन्हा जावेच्या दारात. पोर मात्र तहान लागली की घरची विहीर ओलांडून माझ्याकडे यायची. "मले काकूच्या घरचं पानी पाह्यजे."

एकदा जाऊ तिच्यामागून आली. "अवं पोरी, हे आपल्याच इहिरीचं पानी हाये!"

पोरीनं पेला संपवला. "इथलं गोड लागते," म्हणाली आणि माझ्या पदराला तोंड पुसलं.

जावेचा चेहरा मी नीट पाहिला. इतकी वर्षं तिच्या दारातून परत येताना माझा असाच होत असणार.

"उद्यापासून पानी भराले येऊ नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खाऱ्या पाण्यात डाळ शिजली नाही, दाताखाली करकरत होती. नवऱ्यानं ताट सरकवलं. मी पुन्हा वाढून घेतली.